गोदावतरण कथकात बसवताना

नदीची कथा नाचायची म्हटली की पहिल्याच आवर्तनात (तालाच्या एका फेरीत) हात लाटा काढू लागतात आणि मग शेवटपर्यंत लाटाच चालतात. तिसऱ्या मिनिटाला बघणाऱ्याला पाण्याचे काही वाटेनासे होते. नवख्या रचनांमधली ही सगळ्यात मोठी चूक, आणि तिच्यावर उपाय एकच: पाणी राखून ठेवायचे.

गोदावरीची कथा यासाठी फार सोयीची आहे, कारण ती पाण्यापासून नव्हे, दुष्काळापासून सुरू होते. पुढे दिलेली रचना अकरा मिनिटांची आहे आणि तिच्यात वाहते पाणी पहिली साडेसहा मिनिटे दिसतच नाही. मध्यमा प्रथमच्या (कथकच्या मधल्या परीक्षेच्या) आसपास पोहोचलेल्या, तीनतालाची (सोळा मात्रांच्या तालाची) पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणे, नीट येणाऱ्या आणि माखनचोरी किंवा पनघटासारखा एखादा गतभाव (नाचून सांगितलेला प्रसंग) केलेल्या विद्यार्थ्याला ती एकट्याने करता येईल. भरतनाट्यमवाल्यांनाही कथेची मांडणी उपयोगी पडेल, फक्त तालाचे हिशेब आपल्या पद्धतीने करून घ्यावे लागतील.

पहिली पायरी: कथा ठरवा आणि कापा

गौतम ऋषी आणि गोदावरीची कथा दोन पुराणांत सविस्तर येते. शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेत भोवतालच्या ऋषींचा मत्सर हे कारण आहे. ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात पार्वतीला शिवाच्या जटेतली गंगा खुपते, म्हणून गणपती डाव रचतो आणि पार्वतीची सखी जया गाय होऊन येते. दोन्ही पाठ एकत्र करू नका. एकट्या नर्तकाने पार्वती, गणपती, जया, ऋषी, अहल्या, गौतम, शिव आणि गंगा अशी आठ पात्रे उभी करायला घेतली तर बघणाऱ्याला एकही धड कळत नाही. आमचे मत शिवपुराणाच्या बाजूने आहे: पात्रे कमी आणि दुखणे माणसांचे.

नाचण्यापुरती कथा अशी. मोठा दुष्काळ पडतो. गौतम वरुणाची आराधना करतो. वरुण सांगतो, हातभर खड्डा खण, त्यातले पाणी आटणार नाही. आश्रमाभोवती शेते हिरवी होतात, इतर ऋषी तिथेच येऊन राहतात आणि हळूहळू त्यांना गौतमाचे मोठेपण सहन होत नाही. त्यांच्या विनवणीवरून गणपती मरतुकडी गाय होऊन गौतमाच्या पिकात शिरतो. गौतम गवताच्या काडीने तिला हाकलतो, आणि ती तिथेच कोसळून मरते. गोहत्येचा ठपका येतो, आश्रम सोडावा लागतो. ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा आणि पार्थिव म्हणजे मातीच्या लिंगांची पूजा झाल्यावर शिव प्रसन्न होतो, गौतम गंगा मागतो. त्र्यंबकेश्वरची लोकपरंपरा सांगते की शिवाने ब्रह्मगिरीवर जटा आपटली आणि नदी निघाली. डोंगरावर ती जागा आजही दाखवतात. पुढे नदी कधी दिसते, कधी लपते, तेव्हा गौतम कुश म्हणजे दर्भ टाकून तिला अडवतो. ते कुशावर्त. आणि मेलेल्या गाईला जीव देणारी, म्हणून गोदा.

ही कथा कागदावर दहा ओळींत लिहून काढा. प्रत्येक ओळीसमोर ‘कोण बघतंय?’ याचे उत्तर लिहा. उत्तर सापडत नसेल तर ती ओळ नाचता येणार नाही. ‘ऋषींना मत्सर वाटला’ ही ओळ अशीच फसवी असते. ‘एक ऋषी भरल्या शेताकडे बघतो, मग आपल्या रिकाम्या हाताकडे बघतो’ ही नाचता येते.

दुसरी पायरी: वेळेचा हिशेब

पहिल्या रचनेला एकच ताल ठेवा, तीनताल. प्रसंग बदलला की ताल नव्हे, लय बदलायची. एका आवर्तनाला किती सेकंद लागतात हे काढायला ९६० ला (सोळा मात्रा गुणिले साठ सेकंद) लयीने भागा (लय म्हणजे मिनिटाला किती मात्रा). लय ८० असेल तर १२ सेकंद, ९६ असेल तर १०, १६० असेल तर ६.

वंदना: तालाशिवाय, १ मिनिट.
दुष्काळ आणि खड्डा: लय ८०, १० आवर्तने, २ मिनिटे.
गाय: लय ९६, १५ आवर्तने, अडीच मिनिटे.
तप: लय ६०, ४ आवर्तने, १ मिनिट ४ सेकंद.
शिव आणि अवतरण: लय १६०, २५ आवर्तने, अडीच मिनिटे.
कुशावर्त: लय १२०, ११ आवर्तने, सुमारे दीड मिनिट.
गाय उठते: लय पुन्हा ८०, ३ आवर्तने, ३६ सेकंद.

सगळे मिळून अकरा मिनिटे आणि वर काही सेकंद. गायीला अवतरणाइतकाच वेळ दिलेला बघून पुष्कळ जण कात्री तिथेच लावतात. लावू नका. गाय मेली नाही तर नदीची गरजच उरत नाही.

लेहरा (तालाची फेरी धरून सतत वाजणारी धून) चंद्रकंस रागातला घेतला तर सहज मिळेल, पण दुष्काळाला आणि अवतरणाला एकच धून चालते का, हे ऐकून ठरवा. मोबाइलवरच्या लेहऱ्यावर रियाज करत असाल तर वरच्या पाच लयी आधीच नोंदवून ठेवा. कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रण करणार असाल तर प्रत्येक लयबदलाआधी एक तिहाई (तीनदा घेऊन समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, संपणारा तुकडा) तबल्यात घ्या, म्हणजे कानाला सूचना मिळते. तशी सूचना नसेल तर नर्तक नव्या लयीची पहिली दोन आवर्तने चाचपडतो, आणि ते शेवटच्या रांगेतूनही कळते.

तिसरी पायरी: जागा ठरवा

खोलीत १५ बाय १२ फुटांचा चौकोन आखा. खडूने चार खुणा करा. आश्रम मध्यभागी. खड्डा पुढे, प्रेक्षकांच्या डाव्या हाताला. शेत पुढे, प्रेक्षकांच्या उजव्या हाताला. ब्रह्मगिरी मागे उजवीकडे. नदी मागच्या उजव्या कोपऱ्यातून निघून तिरकी पुढे डावीकडे येते, म्हणजे बरोबर त्या जागी जिथे सुरुवातीला खड्डा होता. तेच कुशावर्त. कुणी समजावून न सांगताही बघणाऱ्याला पाण्याची जागा ओळखीची वाटते.

खुणा पंधरा दिवस तशाच ठेवा, मग पुसा. पुसल्यानंतर खड्डा दोन फूट सरकला तर पाठांतर अजून डोक्यातच आहे, पायात उतरलेले नाही.

चौथी पायरी: वंदना

आपल्या घरांत अंघोळीच्या वेळी म्हटला जाणारा श्लोक इथे पुरेसा आहे:

गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति।
नर्मदे सिन्धु कावेरि जलेऽस्मिन् सन्निधिं कुरु॥

हा अनुष्टुभ आहे, चरणाला आठ अक्षरे. अर्ध्या श्लोकाची सोळा अक्षरे होतात आणि मोह होतो की अक्षराला एक मात्रा देऊन तीनतालाच्या आवर्तनात बसवावे. बसते, पण ऱ्हस्व-दीर्घ सगळे एका मापाचे होऊन पाढे म्हटल्यासारखे वाटते. अनुष्टुभात अक्षरे मोजलेली असतात, मात्रा नव्हे. याउलट ‘देवि सुरेश्वरि भगवति गङ्गे’ ही गंगेच्या स्तोत्रातली ओळ मोजून बघा, ऱ्हस्वाला एक आणि दीर्घाला दोन धरून. बरोबर सोळा मात्रा. असली मात्रावृत्ते तीनतालात आपोआप उतरतात. तेव्हा आपला श्लोक तानपुऱ्यावर तालाविना म्हणवून घ्या आणि हातही सावकाश ठेवा.

आणि पहिला मोह इथेच आवरायचा. सात नद्यांना सात लाटा नकोत. ओंजळ करा. पुष्पपुट, दोन्ही हात सर्पशीर्षात (बोटे जुळवून किंचित वाकवलेला तळवा), करंगळीच्या बाजूने जुळलेले. श्लोकाचा अर्थच हा आहे की या सगळ्या नद्यांनी या एवढ्याशा पाण्यात यावे. प्रत्येक नावाला फक्त नजर एकेका दिशेला जाते आणि ओंजळीत परत येते. बघणाऱ्याला अकरा मिनिटांतले पहिले पाणी दिसते ते ओंजळीत, हलत नसलेले.

पाचवी पायरी: दुष्काळ आणि खड्डा

कोरडेपणा दाखवायला घाम पुसणे, सूर्याकडे बघणे, घसा धरणे हे तीन प्रकार सगळेच करतात. त्यातला एकच ठेवा. त्यापेक्षा पनघटाची गत आठवा: घडा कमरेवर, विहिरीवर वाकणे, दोर ओढणे. तेच करा, पण दोर संपला तरी घडा रिकामाच येतो. पनघटात भरलेला घडा उचलताना कंबर आणि गुडघे वजन घेतात. इथे वजन यायची वाट बघणारे शरीर फसते, हात भसकन वर येतात. रोजच्या रियाजातली गोष्ट असल्याने हे नवख्यांना पटकन जमते.

वरुणाचे देणे दाखवताना खड्डा हातभरच ठेवा. बसा, कोपरापर्यंतचा हात जमिनीत घालून मापा, माती बाजूला सारा. पाणी आले हे दाखवायला पताक हात (बोटे सरळ आणि जुळलेली), तळवे खाली, गुडघ्याच्या उंचीवर आणि पूर्ण स्थिर. अभिनयदर्पणात, म्हणजे हस्तमुद्रा आणि अभिनयावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, पताकाच्या विनियोगांत (ठरवून दिलेल्या वापरांत) नदीही आहे आणि तरंगही आहे, म्हणून हात पताक झाला की बोटे आपसूक हलायला लागतात. इथे हलू द्यायची नाहीत. स्थिर पाण्यावर हलते ते फक्त गौतमाच्या चेहऱ्याचे प्रतिबिंब: मान किंचित डावीकडे, उजवीकडे, आणि हसू.

ऋषी तीनच दाखवा, आणि तिघे तीन उंचींवर. एक ताठ उभा, एक काठीवर वाकलेला, एक बसलेला. पात्र बदलायला पलटा (अंग वळवून घेण्याची हालचाल) घ्या आणि पलटा संपायच्या आत नवीन माणसाचा पाठीचा कणा तयार असला पाहिजे. पुष्कळांचे उलटे होते: वळून येतात, थांबतात, मग चेहरा बदलतात. त्या एका मात्रेत प्रेक्षकाला स्वतः नर्तक दिसतो, ना गौतम ना ऋषी.

सहावी पायरी: गाय

रचनेचा जीव इथे आहे, म्हणून इथे वेळ घाला. पंधरापैकी पहिली सहा आवर्तने गाय, पुढची पाच गौतम, शेवटची चार ठपका.

शिंगांसाठी हात वेगवेगळ्या गुरूंकडे वेगळा शिकवतात. तुम्हाला शिकवला असेल तोच ठेवा. पण गाय हातात नसते, मानेत असते. मरतुकड्या गाईची मान खांद्यांच्या रेषेच्या खाली लोंबते आणि पाऊल पडल्यावर अर्ध्या मात्रेने मागून येते. पाऊल टाच आधी न टेकवता सबंध तळव्याने ठेवा, घुंगरांचा आवाज दबका. चारा खाताना जबडा हलवून दाखवू नका, मागच्या रांगेला ते दिसत नाही आणि पुढच्या रांगेला हसू येते. मान खाली, एक झटका बाजूला, गवत तुटल्याचा. मग दोन मात्रा थांबा, डोळे अर्धे मिटलेले. पुन्हा झटका. गावाकडे किंवा गोठ्यात जाऊन अर्धा तास गाय बघितली तर हे सगळे सांगावे लागत नाही.

आता गौतम. पलट्यानंतर त्याची नजर गाईवर, म्हणजे पुढे उजवीकडे आणि खाली, जिथे गाईचे डोके होते त्याच उंचीवर. ही उंची चुकली तर गाय एकदम वासरू होते किंवा हत्ती. आरशासमोर नव्हे, भिंतीवर कागद चिकटवून या नजरेचा रियाज करा: गाय असताना तुमचे डोळे जिथे होते तिथे खूण, आणि गौतम झाल्यावर त्याच खुणेकडे बघायचे.

काडी हंसास्यात धरा, अंगठा आणि तर्जनीची टोके जुळलेली, बाकी बोटे मोकळी. मारण्याचा आवेग अजिबात नको. माशी हाकलावी तसा हात. समेवर काडी टेकते.

आणि मग काहीच करायचे नाही. गाय म्हणून पडून दाखवू नका. पडण्याचा अभिनय करून, पुन्हा उठून, पलटा घेऊन गौतम होईपर्यंत प्रसंग निघून गेलेला असतो. गौतमच राहा. काडीचा हात हवेत तसाच. नजर दोन मात्रांत गाईच्या डोक्यापासून जमिनीपर्यंत उतरते, बस. तबला थांबतो, लेहरा एकटा एक आवर्तन जातो. दहा सेकंद घुंगरू वाजता कामा नयेत, आणि ते अवघड आहे, कारण श्वास लागलेला असतो आणि पोटऱ्या थरथरतात. म्हणून काडी टेकवताना वजन दोन्ही पायांवर सारखे घ्या आणि गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ करू नका. या दहा सेकंदांत टाळ्या पडल्या तर समजा की काडी फार जोरात मारली.

ठपक्याची चार आवर्तने सोपी आहेत. तेच तीन ऋषी, त्याच तीन उंचींवर, त्याच क्रमाने. मघाशी पाणी घ्यायला पुढे आलेले तिघे आता तोंड फिरवतात.

सातवी पायरी: तप

चार आवर्तने आणि लय ६०. इथे थोडक्यात आटपा. पहिल्या दोन आवर्तनांत आश्रमाच्या खुणेवरून निघून ब्रह्मगिरीच्या खुणेभोवती प्रदक्षिणा, मग बसून मातीचे लिंग घडवणे आणि शिवलिंग हस्त. एका पायावर उभे राहण्याची हौस असेल तर तीस सेकंद डळमळत नाही अशी खात्री झाल्यावरच. डळमळणारे तप हास्यास्पद दिसते.

आठवी पायरी: शिव आणि अवतरण

पंचवीस आवर्तनांची वाटणी अशी: शिवस्वरूप ४, जटा ३, कवित्ताची (तालात बांधलेल्या कवितेची) पढंत २, कवित्त नाचून २, नदीची गत ८, चक्करांची तिहाई ३, उतार ३.

शिवासाठी अभिनयदर्पणातला देवहस्त (देव दाखवायची मुद्रा) डावा मृगशीर्ष, उजवा त्रिपताक. उभे कसे राहायचे हे बघायला घारापुरीला जा (लेणी सोमवारी बंद असतात). मोठ्या त्रिमुखी मूर्तीच्या शेजारी, तुमच्या उजव्या हाताला, गंगाधर शिवाचे शिल्प आहे आणि वर तीन मुखांची नदीदेवता. शिवाच्या अंगात कुठेही ओढाताण नाही. एवढी नदी डोक्यावर येते आहे आणि तो ढिला उभा आहे. नवखे नर्तक नेमके उलटे करतात, शिव म्हटले की मुठी आवळतात, भुवया चढवतात. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात दाराशी मकरावर उभी असलेली गंगा आहे. तिच्या कमरेचा झोक नदीच्या गतीसाठी पाठ करून ठेवण्यासारखा. तिथे मात्र सुट्टी मंगळवारी.

जटा आपटणे म्हणजे मानेला हिसका देणे नव्हे. लय १६० ला मान झटकली तर दुसऱ्या दिवशी वळत नाही. दोन्ही हात मुष्टीत डोक्याशी, कमरेतून वाका, मान पाठीच्या रेषेतच, आणि समेवर मुठी जमिनीजवळ उघडून अलपद्म (उमललेल्या कमळासारखी बोटे).

कवित्त आम्ही या रचनेसाठी साधे बांधले आहे:

ब्रह्मगिरीवर जटा आपटी
खळखळ खळखळ निघे गौतमी
गोदा आली थेई, गोदा आली थेई, गोदा आली थेई

मोजून बघा. पहिल्या दोन्ही ओळी ऱ्हस्व-दीर्घाच्या सोळा-सोळा आहेत. ऱ्हस्वाला तालाची अर्धी मात्रा दिली की ओळीला आठ आणि दोन ओळींना सोळा, म्हणजे एक आवर्तन. तिहाई समेपासून उचलायची: ‘गोदा आली’ ४ मात्रा, ‘थेई’ पाचवी, मग १ मात्रा थांबा. ५, १, ५, १, ५ मिळून सतरा, आणि सतरावी म्हणजे पुढची सम. थेई पडायची ती ५ वर, ११ वर आणि समेवर. गोंधळ होतो तो दुसऱ्या थांब्यात. पहिली थेई बरोबर पडली की घाई सुरू होते आणि बाराव्या मात्रेचा थांबा गिळला जातो. मग शेवटची थेई सोळाव्यावर पडते आणि तबलजी तुमच्याकडे बघत राहतो. लय ८० ला टाळी देत वीस वेळा म्हणा, १२० ला दहा वेळा, मगच पाय लावा.

आता, एवढे थांबून झाल्यावर, लाट. उजवा खांदा आधी किंचित उचलला जातो, मग कोपर, मग मनगट, आणि बोटे सगळ्यात शेवटी. डावा हात तेच अर्धी मात्रा मागून करतो. फक्त बोटे हलली तर हार्मोनियम वाजवल्यासारखे दिसते. कोपर खांद्याच्या वर गेले तर पक्षी होतो. डोंगरावर लाट डोक्याच्या उंचीवर आणि लहान, दगडांत तुटक. खाली येताना छातीशी, मग कमरेशी, रुंद आणि सावकाश. लय तीच राहते, लाट मात्र दोन मात्रांवरून चारवर आणि चारवरून आठवर जाते. उगमापाशी उडी मारून ओलांडावी एवढी धार पुढे १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, ती आठ आवर्तनांत दाखवायची तर मोठे होत जाणे एवढेच हाताशी आहे. निळी ओढणी फडकवून नदी दाखवण्याचा प्रकार स्नेहसंमेलनाला ठीक. कथकात हात असताना ओढणी कशाला?

चक्कर नऊ, तीन पल्ल्यांत. प्रत्येक पल्ला पंधरा मात्रांचा: चार-चार मात्रांचे तीन चक्कर, २ मात्रा पदन्यास, पंधराव्या मात्रेवर थेई. पल्ल्यांमध्ये २ मात्रा थांबा. १५, २, १५, २, १५ म्हणजे ४९, तीन आवर्तने आणि सम. नजर समोरच्या एका बिंदूवर, सगळ्यात शेवटी सुटणारी आणि सगळ्यात आधी परतणारी. चक्करांत चेहऱ्यावरची नदी हमखास पुसली जाते, म्हणून नंतरची तीन आवर्तने उताराला ठेवली आहेत. त्यांत फक्त चालायचे.

नववी पायरी: कुशावर्त आणि शेवट

पुन्हा गौतम. नदी मागच्या कोपऱ्यात दिसते, धावत जावे तो गुप्त. दुसरीकडे दिसते, पुन्हा गुप्त. तीन जागा पुरेत. चौथ्या वेळी खड्ड्याच्या जुन्या खुणेवर, आणि आता हंसास्यात पुन्हा दर्भाची काडी येते. ज्या हाताने, ज्या बोटांनी गाय मेली त्याच पकडीत. ही काडी उचलायच्या आधी एक आवर्तन थबका. पाय पुढे, हात मागे. मग काडीने पाण्याभोवती गोल रिंगण घाला, आणि लाटा लहान होत होत पताक हात गुडघ्याच्या उंचीवर स्थिर होऊ द्या, मघासारखे.

लय ८०. पहिल्या आवर्तनात ओंजळ भरते, वंदनेतली तीच. दुसऱ्यात शेताच्या खुणेकडे चार पावले आणि शिंपण. तिसऱ्यात पलटा घेऊन गाय: मान खांद्यांच्या खाली लोंबलेली, तेराव्या मात्रेपासून हळूहळू वर येते आणि समेवर डोळे उघडतात. तिहाई नको.

सहा आठवड्यांचा रियाज

पहिल्या आठवड्यात फक्त पढंत आणि खुणांवर चालणे. दुसरा आणि तिसरा गाईला द्या. चौथ्यात अवतरण, पाचव्यात बाकीचे जोडून घेणे, सहाव्यात रोज दोनदा संपूर्ण, एकदा घुंगरू बांधून आणि एकदा न बांधता. घुंगरू न बांधता केले की पाय खरोखर किती स्वच्छ पडतात ते उघडे पडते. एका पायाला शंभर घुंगरू या पातळीला पुष्कळ झाले. दीडशे बांधले तर दहा सेकंदांची ती शांतता राखणे कठीण. फरशीवर किंवा सिमेंटवर रोजचा तत्कार (पायांनी बोल वाजवण्याचा सराव) करू नका, नडग्या दुखायला लागतात. लाकडी जमीन नसेल तर तत्कार अर्धा करा, अभिनय वाढवा.

ओढणी दोन ठिकाणी पक्की टाचा, खांद्याला आणि कमरेला, नाहीतर जटा आपटताना तोंडावर येते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंचावर जाऊन पुढे डावीकडे दिवा पोहोचतो का ते बघा. बहुतेक सभागृहांत उजेड मध्यभागी असतो आणि तुमचे कुशावर्त अंधारात राहते. दिवेवाल्याला खुणेवर उभे राहून दाखवा, नुसते तोंडी सांगू नका.